"सर, वो पंखा बदलवाना था": नोकरीत मागायची भीती आणि ती घालवायच्या पायऱ्या

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्समध्ये होते तेव्हाची गोष्ट. नोकरीला चार वर्षं झाली होती. माझ्यानंतर आलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार मिळतो हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण सॅलरी शीट मीच बनवायचे. राजेंद्रनगरहून कंपनीची बस सव्वासातला निघायची. त्या दिवशी राऊ येईपर्यंत मी पहिलं वाक्य पाठ केलं आणि पीथमपूर येईपर्यंत दुसरं. अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मान वर केली, "हाँ, बोलो." आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, वो हमारे सेक्शन का पंखा बदलवाना था."

पंखा दुसऱ्याच दिवशी बदलून मिळाला. पगाराचं बोलायला मला आणखी चौदा महिने लागले.

पुढे मी एच.आर.मध्ये गेले आणि अकरा वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. तिथून पहिल्यांदा लक्षात आलं की त्या खुर्चीतल्या माणसाला तुमच्या मनातलं काहीच माहीत नसतं. "इतकं काम करते, दिसत नाही का त्यांना?" असं आपण घरी भाकरी थापताना म्हणतो, आणि खरंच दिसत नसतं. त्यांच्यापुढे चाळीस माणसं, दोन रखडलेले ऑर्डर आणि वरून आलेला फोन असतो. जो गप्प आहे तो सुखात आहे, असं ते धरून चालतात.

ही भीती येते कुठून

इंदुरातल्या मराठी घरांपुरतं सांगायचं तर माझा एक अंदाज आहे. आमचे आजोबा होळकर सरकारात कारकून, वडील मध्य प्रदेश शासनात. अशी घरं रामबागेत, लोकमान्यनगरात गल्लोगल्ली सापडतील. सरकारी नोकरीत वेतनवाढ तारखेला येते. आजही सातव्या वेतन आयोगात ती ३ टक्के आहे, १ जानेवारीला किंवा १ जुलैला. बढती ज्येष्ठतेच्या यादीने. तिथे साहेबांकडे जाऊन "मला जास्त द्या" म्हणणं खरोखरच विचित्र दिसलं असतं. त्यामुळे "आपण बरं, आपलं काम बरं" हा सल्ला त्या नोकरीपुरता अगदी बरोबर होता.

आपण मात्र तोच सल्ला घेऊन सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत आणि सांवेर रोडच्या कारखान्यात गेलो. तिथे यादी नाही, ठरलेली तारीख नाही, आणि दर माणसाचा आकडा वेगळा. नियम बदलले, सवय तीच राहिली. "माझा स्वभावच भित्रा" असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच सांगते. एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये साडीच्या पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारी बाई भित्री कशी असेल?

पहिली पायरी: भीतीला नाव द्या

कागद घ्या आणि "मी मागितलं तर..." इथून सुरू होणारं वाक्य पुरं करा. मोबाईलवर नको, कागदावरच. बहुतेकांच्या वाक्याची शेपटी या चारांपैकी एक असते: "नाही म्हणतील", "लोभी समजतील", "डोळ्यात येईन आणि काढून टाकतील", "साहेबांशी इतक्या वर्षांचे संबंध बिघडतील".

प्रत्येकीवर इलाज वेगळा. "नाही म्हणतील" ही भीती सरावाने जाते. "लोभी समजतील" ही पुरावा हातात असला की जाते. "काढून टाकतील" ही कधीकधी खरी असते. कंपनीत छाटणी सुरू असेल किंवा तुम्ही प्रोबेशनवर असाल तर ती भीती शहाणी आहे, तिचं ऐका आणि थांबा. चौथी सर्वांत चिवट. मालक ओळखीचा असतो, त्याच्या मुलाच्या मुंजीला आपण जेवून आलेलो असतो. अशा ठिकाणी मागणी बोलायच्या आधी दोन दिवस सांगून ठेवावी: "भैया, शनिवार को पंद्रह मिनट चाहिए, मेरे काम के बारे में." माणसाला मनाची तयारी करायला वेळ मिळाला की तो निम्मा वाटाघाटीला तयार होऊनच बसतो.

दुसरी पायरी: हक्क आणि विनंती वेगळ्या करा

इथे फार लोक घोटाळा करतात. कारखान्यातल्या कामगाराला जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळणं हा कायदा आहे. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा, आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल तर, हाही कायदाच. तुमच्या पगारातून कापलेला पीएफ तुमच्या खात्यात जमा होणं हेही तसंच. पासबुक ऑनलाइन दिसतं, दर तिमाहीला बघत जा.

या गोष्टी मागताना "सर, अगर हो सके तो" लावू नका. हक्काची गोष्ट विनवणीच्या सुरात मागितली की ती मेहेरबानी होऊन बसते आणि वर्षभर तिचे उपकार वागवावे लागतात. साधा दोन ओळींचा मेल एच.आर.ला: अमुक महिन्याचे अमुक तास, रक्कम आलेली नाही, कोणत्या पगारात येईल ते कळवावं. बस.

पगारवाढ, हुद्दा, खातेबदल, घरून काम, एखाद्या कोर्सचे पैसे, रंगपंचमीची अर्धी सुट्टी, या विनंत्या. (शेवटची मी गमतीने लिहीत नाही. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर सगळं इंदूर लोटतं, पण पीथमपूर पडतं धार जिल्ह्यात, आणि आमचा कारखाना त्या दिवशी चालूच असायचा.) विनंतीला समोरचा नाही म्हणू शकतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठी.

तिसरी पायरी: मागणी एका वाक्यात, आकड्यासकट

"सर, मेरा भी कुछ देख लीजिए" ही मागणी नव्हे. यावर साहेब "हाँ हाँ, देखते हैं" म्हणतात आणि ते खोटंही बोलत नसतात. काय बघायचं तेच त्यांना कळलेलं नसतं.

आकडा काढताना सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांतला फरक आधी समजून घ्या, नाहीतर मिळाल्यावरही रडू येतं. समजा ऑफर लेटरवर महिन्याला ३०,००० सीटीसी लिहिलं आहे आणि त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,०००. बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्या ३०,००० मध्येच धरलेला असतो. बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के दराने त्यातच घालतात, म्हणजे ७२१ रुपये. राहिले २७,४७९. त्यातून तुमच्या वाट्याचे १,८०० पीएफ गेले की २५,६७९, आणि प्रोफेशनल टॅक्स वेगळाच. हे ४.८१ कुठून येतं? ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १५ भागिले २६, भागिले १२.

माझी भाची मागच्या वर्षी "पाच हजार वाढवून घेतले" म्हणून पेढे घेऊन आली. स्लिप बघितली तर हातात चार हजारही वाढले नव्हते. तिने "पाच हजार" म्हटलं होतं, समोरच्याने सीटीसी ऐकलं होतं. दोघेही खरे. म्हणून वाक्यात शब्द घाला: "हातात महिन्याला इतके" किंवा "सीटीसी वर्षाला इतका". दोन आकडे मनाशी ठरवा, एक बोलायचा आणि एक ज्याच्या खाली हो म्हणायचं नाही. दुसरा आकडा नवऱ्याला, आईला, कोणालातरी आधी सांगून ठेवा. केबिनमध्ये पाय डगमगले की तो साक्षीदार आठवतो.

चौथी पायरी: एक पान

पुरावा म्हणजे "मी खूप मेहनत केली" असं नव्हे. मेहनत सगळेच करतात, निदान सांगतात तरी. आधी काय होतं, तुम्ही काय केलं, मग काय झालं, अशा तीन-चार ओळी. उदाहरणार्थ, "व्हेंडरची बिलं आधी महिनाअखेरीला तुंबायची, आता दर शुक्रवारी क्लिअर होतात, जीएसटी जुळवणीला चार दिवस लागायचे तिथे दीड लागतो." आकडा नसेल तर माणूस सांगा: "नव्या दोन मुलांना काम मी शिकवलं, आता ती एकटी बघतात."

यासाठी दर शनिवारी पाच मिनिटं काढून वहीच्या मागच्या पानावर आठवड्यातली एक गोष्ट लिहीत जा. मार्चमध्ये आठवायला बसलात तर फक्त मार्च आठवतो. मी पाहिलेल्या मागण्यांत घराचं भाडं, मुलांची फी आणि इन्व्हर्टरचा हप्ता हेच कारण म्हणून सगळ्यांत जास्त यायचं. मला वाईट वाटायचं, पण वरच्या साहेबांपुढे मी ते मांडू शकत नसे. भाडं सगळ्यांचंच वाढलेलं असतं. त्या एका पानाचा उपयोग हा की तुमचा साहेब ते पुढे त्याच्या साहेबापुढे ठेवू शकतो. बहुतेक वेळा निर्णय त्या केबिनमध्ये होतच नाही, तुमच्या पाठीमागे होतो. तिथे तुमच्या वतीने बोलायला त्याच्या हातात काहीतरी द्या.

पाचवी पायरी: वेळ

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणून लोक एप्रिलमध्ये मागतात, आणि तोवर ताटं उचललेली असतात. बऱ्याच कंपन्यांत पुढच्या वर्षाच्या पगारखर्चाचा आकडा जानेवारी-फेब्रुवारीत वर जातो. बोलायचं तर डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात.

महिन्यातली वेळही बघा. साहेब अकाउंट्सचे असतील तर ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊ नका, त्या जीएसटी रिटर्नच्या तारखा आहेत. प्रॉडक्शनवाल्यांकडे महिन्याचा शेवटचा आठवडा नको, तेव्हा डिस्पॅचचं युद्ध चालू असतं. सोमवार सकाळ कुठेच नको. तुमचं एखादं काम नुकतंच नावाजलं गेलं असेल तर मात्र मुहूर्त बघू नका, त्याच आठवड्यात जा.

सहावी पायरी: सराव, तोही पोह्याच्या गाडीपासून

भीती विचार करून जात नाही. शरीराला "नाही" ऐकायची सवय लावावी लागते. तीन आठवडे द्या.

पहिल्या आठवड्यात अनोळखी माणसाकडे रोज एक छोटी गोष्ट मागा, जिला तो नाही म्हणू शकेल. पोह्याच्या गाडीवर पाचशेचे सुटे. मेडिकलवाल्याकडे पाच टक्के सवलत. बँकेत "हे काम आजच होईल का?" असा प्रश्न. पोह्यांवर जिरावण मसाला जास्त मागणं यात धरू नका, ते इंदुरात कोणी नाकारत नाही.

दुसऱ्या आठवड्यात गप्प राहायचा सराव. कापड बाजारात जा, भाव विचारा, आपला भाव सांगा आणि तोंड बंद. दुकानदार तुमच्याकडे बघेल, घडी मोडेल, "दीदी, इतने में तो हमारी खरीदी नहीं है" म्हणेल. तुम्ही काही बोलायचं नाही, मनात दहा मोजायचे. हे दहा आकडे मला आयुष्यातले सर्वांत लांब वाटले होते. केबिनमध्ये आपण हरतो ते इथेच: आकडा सांगतो आणि समोरचा गप्प झाला की घाबरून स्वतःच खाली येतो, "मतलब सर, थोड़ा कम भी चलेगा." समोरचा कदाचित नुसता हिशोब करत असतो!

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या लहान गोष्टी. खुर्ची, दुसरा मॉनिटर, मीटिंग अर्धा तास पुढे ढकलणं. पंखासुद्धा.

सातवी पायरी: ज्या भाषेत बोलायचं त्याच भाषेत तयारी

हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, पण इंदुरात याने फार फरक पडतो. आपण विचार मराठीत करतो, आरशापुढे मराठीत बोलतो, आणि केबिनमध्ये हिंदी लागते, मोठ्या कंपनीत इंग्रजी. ऐन वेळी भाषांतर करताना शब्द निसटतात आणि हाती लागतं ते सरावाचं, सोपं वाक्य. माझ्या हाती पंखा लागला.

म्हणून पहिली दोन वाक्यं त्या भाषेत लिहून काढा आणि मोठ्याने म्हणा, बाथरूममध्ये, गाडीवर, कुठेही. माझं दुसऱ्या वेळचं वाक्य हे होतं: "सर, पिछले दो साल से क्लोज़िंग मैं अकेले संभाल रही हूँ. मैं चाहती हूँ कि अप्रैल से मेरी इन-हैंड सैलरी इतनी हो." त्यात "सॉरी सर", "बुरा मत मानिएगा", "छोटी सी बात थी" हे काही नव्हतं. माझ्या कागदावर ते तिन्ही होते, नवऱ्याने खोडले. "मैं चाहती हूँ" म्हणताना मात्र जीभ जड झाली हे कबूल करते. मराठीतसुद्धा मी कधी इतकं सरळ "मला हवंय" म्हटलं नव्हतं.

प्रत्यक्ष बोलताना

बसा. उभ्याने मागू नका, उभा माणूस निघायच्या बेतात दिसतो. एका मिनिटात काम सांगा, मग आकडा, मग पान पुढे सरकवा आणि कापड बाजारातले दहा मोजा.

पुढे जे येतं ते साधारण ठरलेलं असतं. "बजेट नहीं है" आलं तर वाद घालू नका, विचारा: "सर, बजेट कब बनता है, और उसमें मेरा नाम डालने के लिए आपको मुझसे क्या चाहिए?" "सबको देना पड़ेगा" आलं तर इतरांची नावं काढू नका, कागदावर बोट ठेवा. माझ्या जुन्या कारखान्यात एकाने दुसऱ्याची स्लिप नाचवली होती. त्याला वाढ मिळाली नाही, आणि ती स्लिप कुठून फुटली याची चौकशी महिनाभर चालली. सॅलरी शीट बनवणारी मी असल्यामुळे संशय आधी माझ्यावर! मीसुद्धा त्या मुलाच्या पगाराचा आकडा केबिनमध्ये कधी काढला नाही.

डोळ्यात पाणी आलं तर? येतं, लाजायचं काही नाही. "एक मिनट दीजिए सर" म्हणा, पाणी प्या, त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करा. आणि रागाच्या भरात राजीनाम्याची धमकी देऊ नका. दुसरी ऑफर खरोखर हातात असेल आणि जायची तयारी असेल, तरच तो विषय.

इंदुरातलं सर्वांत सामान्य उत्तर आहे "देखते हैं". भांडण टाळायचा तो इथला गोड मार्ग आहे. त्याला एकच उत्तर, हसून: "जी सर. तो मैं पंद्रह तारीख को आऊँ?" तारीख मिळाली की उठा. त्याच संध्याकाळी मेल करा, चार ओळींचा: आज वेळ दिल्याबद्दल आभार, आपण या विषयावर बोललो, माझी विनंती ही होती, आपण १५ तारखेला पुन्हा बोलायचं ठरलं. यात धमकी नाही, तक्रार नाही. पण साहेबाची बदली झाली तर पुढच्याला दाखवायला हातात काहीतरी राहतं. तोंडी आश्वासनांवर जगलेली फार माणसं मी फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाच्या, दिवशी पाहिली आहेत.

नाही आलं तर

त्या दिवशी काही ठरवू नका. घरी या, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस खा. दोन दिवसांनी विचारा की पैसे नाहीत तर दुसरं काय शक्य आहे: हुद्दा, कोर्स, आठवड्यातून एक दिवस घरून काम, सहा महिन्यांनी लेखी आढावा. भाचीला दुसऱ्या खेपेला पैसे मिळाले नाहीत, बुधवारचं घरून काम मिळालं. त्या दिवशीचा दीड तास प्रवास वाचल्यावर ती म्हणाली, आधी हेच मागायला हवं होतं.

दोनदा नीट मागून, दोन्ही वेळा तारीख उलटून गेली आणि कोणी नावही काढलं नाही, तर तेही उत्तरच समजा. मग तेच एक पान घ्या, वरचं कंपनीचं नाव बदला आणि बायोडेटा म्हणून वापरा. मजकूर आयता तयार आहे.

आणि हो मिळालं, तर हस्तांदोलनावर समाधान मानू नका. पत्र मागा, त्यावर लागू होण्याची तारीख बघा. पहिली स्लिप आली की बेसिक, एचआरए (घरभाडे भत्ता), पीएफ एकेक ओळ जुन्या स्लिपशेजारी ठेवून जुळवा, आणि वाढ मागच्या तारखेपासून असेल तर एरियर, म्हणजे मागची थकबाकी, आलाय का ते बघा. माझ्या पहिल्या वाढीत एरियरचे दोन महिने राहून गेले होते. सॅलरी शीट मीच बनवली होती, तरी तो मागायला पुन्हा त्याच केबिनमध्ये जावं लागलं. त्या वेळी सहा मिनिटं लागली, आणि जागेवर परत येऊन बसले तेव्हा नवा पंखा डोक्यावर चालू होता.